नेपरव्हिलच्या लेखाखालच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

इलिनॉय राज्यातल्या, शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिल गावातल्या रायफल-विक्रीबंदीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही टेक्सासहून लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. बंदुकीचा हक्क घटनेने दिलाय, तेव्हा गावागावांनी आपापले कायदे करण्याची मिजास दाखवू नये. शिकागोजवळच्याच हायलँड पार्क गावात अशा रायफलींवर बंदी असूनही २०२२ मध्ये गोळीबार झालाच. शिकागोची हँडगनवरची (पिस्तुलांवरची) बंदी ज्यांनी कोर्टात मोडून काढली त्या माणसाबद्दल मी अवाक्षर लिहिलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदुका आहेत. आणि या सगळ्याच्या आधी, अगदी पहिलं वाक्य: ‘ताई, तुम्ही डाळिंब्यांची उसळ छान लिहिता, तेच लिहा. कायद्याचं कायदेवाल्यांवर सोडा.’

आधी या वाक्याबद्दल बोलते, कारण ते वाचल्यावर पुढचं वाचायला मला बराच वेळ लागला.

याच ब्लॉगवर एका पाहुण्या लेखकाने एच-१बी व्हिसाच्या कायद्यावर लिहिलं होतं. तो बँकेत नोकरी करतो. त्याच्या लेखाखाली तुमचीही प्रतिक्रिया आहे, ‘अभ्यासपूर्ण’ अशी. त्याला तुम्ही बँकेचं लिही म्हणाला नाहीत. मग मला माझी जागा दाखवायची घाई कशासाठी?

ऑगस्ट २०२२ मध्ये नेपरव्हिलच्या सिटी कौन्सिलपुढे हा ठराव आला तेव्हा मी तिथे बोलायला गेले होते. हातातला कागद थरथरत होता. रांगेत माझ्या मागे उभा असलेला गृहस्थ बंदीच्या विरोधात बोलायला आला होता. माझा कागद खाली पडला तो त्याने उचलून दिला आणि माझं झाल्यावर माझ्या अगदी उलट बोलला. माझा एकेक मुद्दा घेऊन खोडून काढायचा प्रयत्न केला त्याने. पण घरी जाऊन स्वयंपाक करा, असं काही तो म्हणाला नाही. ते ऐकायला मला आपल्याच माणसाची वाट पाहावी लागली.

नागरिकत्वाची शपथ मीही घेतली आहे. उजवा हात वर करून घटनेचं आणि कायद्यांचं रक्षण करीन म्हटलं. कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र उचलीन, हेही त्या शपथेत आहे, तेही म्हटलं. तेव्हा मी कायदेवाली आहे का, हे कुणी विचारलं नाही. आणि माझी मुलगी पहिलीत असताना शाळेत लॉकडाउनची ड्रिल झाली, म्हणजे बंदूकधारी शाळेत घुसला तर काय करायचं त्याची तालीम. बाईंनी दाराच्या काचेवर कागद चिकटवला, दिवे घालवले आणि मुलांना भिंतीलगत खाली बसवलं. त्यानंतर तिने आवडते चमकणारे बूट घालायचं सोडलं, कारण अंधारात पाय हलला की त्यांचे दिवे लागतात. हे सहा वर्षांच्या मुलीने स्वतः विचार करून ठरवलं होतं. तुम्ही म्हणता, मी यावर लिहू नये.

आता घटना. ती सगळ्या देशाची आहे, हे मला शिकवू नका. सुप्रीम कोर्टाचे २००८ चा हेलर आणि २०१० चा मॅक्डोनल्ड, दोन्ही निकाल मला माहीत आहेत. दोन्ही ५ विरुद्ध ४. घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन ठेवण्याचा हक्क त्यांनी मान्य केला आणि शिकागोची १९८२ पासूनची हँडगनबंदी टिकली नाही. पण हा हक्क अमर्याद नाही, हेही हेलरमध्येच लिहिलंय. हायलँड पार्कने २०१३ मध्ये एआर-१५ सारख्या अर्धस्वयंचलित रायफली आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन्स बंद केली. २०१५ मध्ये सातव्या सर्किट कोर्टाने (आमच्या भागाच्या केंद्रीय अपील कोर्टाने) ती बंदी उचलून धरली, आणि ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ईस्टरब्रुक रिपब्लिकन अध्यक्ष रेगननी नेमलेले. सुप्रीम कोर्टाने अपील दाखल करून घेतलं नाही, न्यायमूर्ती थॉमस आणि स्कालिया यांनी त्यावर लेखी नाराजी नोंदवली. सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालाने बंदुकीचे कायदे तपासायची सगळी कसोटीच बदलली, तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच सर्किटने नेपरव्हिलच्या ठरावाला आणि राज्याच्या तशाच बंदीच्या कायद्याला अंतरिम स्थगिती द्यायला नकार दिला. याला तुम्ही गावाची मिजास म्हणता?

एक गोष्ट मान्य करते. शिकागोची बंदी मोडून काढणाऱ्या ओटिस मॅक्डोनल्ड यांच्याबद्दल लिहायला हवं होतं. शिकागोच्या मॉर्गन पार्कमध्ये राहणारा, सत्तरी ओलांडलेला कृष्णवर्णीय निवृत्त माणूस. घरात चोऱ्या झालेल्या, शेजारात टोळ्यांचा उपद्रव. त्यांची भीती खरी होती आणि त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटणार नाही. त्यांच्यावर एक परिच्छेद मूळ लेखात घालते.

हायलँड पार्कबद्दल एवढंच: हल्लेखोराची रायफल याच राज्यात कायदेशीर विकत घेतलेली होती, आणि गावाच्या वेशीवर नाका नसतो. म्हणून तर जानेवारी २०२३ मध्ये राज्यभराचा कायदा आला. ४ जुलैच्या परेडमध्ये सात माणसं गेली. त्यांना वादात पुरावा म्हणून पुढे करताना जरा जपून. स्वित्झर्लंडवर मी लिहिणार नाही, तिथे मी राहत नाही.

माझ्या लेखाचा खरा मुद्दा मात्र तुम्ही शिवलाही नाहीत. आजवर या कायद्यांविरुद्ध कोर्टात गेले ते मॅक्डोनल्डसारखे रहिवासी, नेपरव्हिलचा दुकानदार, बंदूकधारकांच्या संघटना. जायलाच हवं, तो त्यांचा हक्क आहे. पण जून २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या न्याय खात्याने सातव्या सर्किटपुढे आमच्या राज्याच्या कायद्याला आव्हान देणाऱ्यांच्या बाजूने निवेदन दाखल केलं, आणि सप्टेंबरमध्ये तर बंदुकीच्या परवान्यांना उशीर लावल्याबद्दल लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यावरच (तिथल्या पोलीस खात्यावरच) खटला भरला. कौन्सिलमध्ये रात्री उशिरापर्यंत बसून लोकांनी बाजूने आणि विरुद्ध बोलून जे ठरवलं, किंवा आमच्या आमदारांनी राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डमध्ये, जे मंजूर केलं, ते पाडायला आता केंद्र सरकारचे वकील उभे आहेत, आमच्याच करावर. हेच न्याय खातं उद्या टेक्सासमधल्या तुमच्या गावाच्या ठरावाविरुद्ध उभं राहिलं तर तुम्हाला चालेल का, हे मी लेखात स्पष्ट विचारलं होतं. त्याचं उत्तर तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. ते द्या, मी वाचेन.