पापण्यांना पाणी लावू नका म्हणे!

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि समोर बसलेल्या नातीकडे बघून ती पहिलं काय म्हणाली? "अगं, तुझे डोळे का गं एवढे लाल?"

आम्हा डोळसांना दिसलं नव्हतं!

भाचीने लग्नाआधी लॅश एक्स्टेन्शन करून घेतलेलं. दीड तास डोळे मिटून पडायचं आणि एकेका पापणीला खोटी पापणी चिकटवून घ्यायची. दिसत होती मात्र झकास. पार्लरवालीने बजावलं होतं: तेल नको, चोळायचं नाही, पाणी जपून. पोरीने ते इतकं मनावर घेतलं की तीन आठवडे डोळे सोडून तोंड धुतलं. मग खाज, सकाळी चिपडांनी चिकटलेले डोळे. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं तर पापण्यांच्या मुळाशी कोंड्याच्या बारीक नळ्या. डेमोडेक्स. हा किडा बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगावर असतोच, पण कडा धुतल्याच नाहीत की त्याचं फावतं.

गंमत बघा, आजीला पाणी खरोखरच बंद होतं. तिच्या डोळ्यात तर ऑपरेशनआधी ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक घातलं होतं. का, तर ऑपरेशननंतर आत इन्फेक्शन झालंच तर जंतू बहुधा पेशंटच्या स्वतःच्याच पापण्यांवरचे असतात. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस नावाचा जीवाणू बाहेर कातडीवर गुण्यागोविंदाने राहतो. तोच डोळ्याच्या आत शिरला तर नजर जाऊ शकते.

म्हणून "जंतू मारा" आणि "हात लावू नका" ही दोन्ही टोकं मला पटत नाहीत. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये २०१७ साली उंदरांच्या डोळ्यात कायम वस्तीला असलेला एक जीवाणू सापडला, जो तिथली प्रतिकारशक्ती जागी ठेवतो. त्वचेवरचे जीवाणूही तेलाचं आम्ल करतात, त्यामुळे कातडीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५ च्या आसपास राहतो. साध्या साबणाचा ९-१०. त्यावर दर महिन्याला पील, म्हणजे रसायन लावून कातडीचा वरचा थर काढणं, आणि रोज स्क्रब! (मीही केलंय, चाळिशीत. गाल आठवडाभर चुरचुरत होते.)

पील करणाऱ्यांनी, पापण्या लावणाऱ्यांनी नंतर धुवायचं कसं, हे पैसे घेतानाच सांगायला नको का? भाचीला ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं: खोट्या पापण्या काढा, गरम शेक द्या, मग कड हलक्या हाताने पुसा.

काल पार्लरचा मेसेज आला. रिफिलची वेळ झाली, २० टक्के सूट. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. आईच म्हणाली, "जा हवं तर. पण तोंड धू गं बाई."