"5-0" वाला मेसेज वाचून पायलट व्हायचं सोडू नका

भाचा एनडीएची तयारी करतोय आणि त्याच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: "एआयने अमेरिकन फायटर पायलटला 5-0 ने धुतला, आता ड्रोन विमानांबरोबर आपले आपण उडतात, कुणाला मारायचं तेही तेच ठरवतात, पायलट संपला." काल जेवताना म्हणाला, मामा, मग मी फ्लाइंगसाठी कशाला जीव काढू? पोटात तुटलं, म्हणून लिहितोय.

आधी ते 5-0. ऑगस्ट 2020, डार्पाची (अमेरिकन संरक्षण खात्याची संशोधन संस्था) स्पर्धा, हेरॉन सिस्टिम्स या कंपनीचा एआय प्रोग्राम जिंकला, खरंय. पण सगळं सिम्युलेटरवर, आणि समोरचं विमान नेमकं कुठे आहे ते प्रोग्रामला आयतं मिळत होतं, खऱ्या आकाशात ते रडारने नाहीतर मान मोडेस्तोवर वळून शोधावं लागतं. शिवाय तो समोरासमोर घुसून गन चालवत होता. अमेरिकन पायलटला सरावात 500 फुटांच्या आत जायलाच मनाई आहे, कारण टक्कर झाली तर माणसं जातात.

मग खऱ्या विमानावर काय? एक्स-62ए, म्हणजे बदल केलेलं एफ-16 लढाऊ विमान, ते एआयने उडवलं. डिसेंबर 2022 ते सप्टेंबर 2023, 21 उड्डाणं, एक लाखाहून जास्त ओळींचा कोड बदलला, आणि प्रत्येक वेळी आत सेफ्टी पायलट. डॉगफाइटमध्ये, म्हणजे विमानांच्या जवळून होणाऱ्या झुंजीत, त्यांना मधे पडावं लागलं नाही, हे मोठंच काम आहे, पण माणूस बसलेला होता ना.

"आपले आपण उडतात" हे अर्धं बरोबर. अंतर राखणं, वळणं, फॉर्मेशन धरणं ड्रोन स्वतः करतो, पायलट जॉयस्टिकने चालवत नाही. पण तू पुढे जा, तिकडचं रडार बघ, हे काम पायलटच देणार, म्हणजे त्याचं डोकं जास्तच लागणार.

कुणाला मारायचं? अमेरिकेच्या जानेवारी 2023 च्या नियमात शस्त्र वापरताना माणसाचा निर्णय योग्य प्रमाणात असला पाहिजे असं आहे, योग्य म्हणजे किती यावर वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. ऑक्टोबर 2024 मध्ये युक्रेनमध्ये कोस्त्यांतिनिव्काजवळ रशियन फायटरने आपल्याच देशाचा एस-70 हा मोठा लढाऊ ड्रोन पाडला, ताबा सुटला म्हणूनच असं बहुतेक जाणकार धरतात. तिथे ट्रिगर दाबायला शेवटी पायलटच लागला.

आणि आपल्याकडे एचएएल ही सरकारी विमान कंपनी कॅट्स वॉरियर नावाचा जो ड्रोन बनवतेय तो तेजसबरोबर उडायचा आहे. तेजसमध्ये पायलट बसतो रे बाळा.