पानं चारच्या पटीत

आत्याच्या पंचाहत्तरीला फोटोंचं पुस्तक देऊ या, असं मी बोलून बसलो. आमच्या घराण्यात जो सुचवतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे पन्नाशी उलटली तरी माझ्या ध्यानात राहत नाही. बहिणीनं त्याच रात्री आत्याला वगळून ग्रुप काढला आणि पुढच्या रविवारपर्यंत माझ्याकडे ११४० फोटो जमले. पुस्तक ४० पानांचं.

त्यात साठेक फोटो गणपतीच्या आरासीचे, माणूस औषधालाही नाही. एका चुलतभावानं सिंहगडावरच्या पिठलं-भाकरीचे अकरा पाठवले. "यात आत्या कुठाय?" विचारलं तर म्हणाला, "फोटो तिनंच काढलेत." यावर काय बोलणार?

पूर्वी ३६ फोटोंचा रोल दोन दिवाळ्यांना पुरायचा. शेवटी ३७वा निघालाच, तर रेशनवर साखर जास्त मिळाल्यासारखे बाबा ते चार घरी सांगून यायचे. आता डोळे मिटले म्हणून पुन्हा, उघडे राहिले पण वेडे दिसले म्हणून पुन्हा. बरं, पुसायचा एकही नाही.

निवड लोकशाहीनं करायची ठरली. प्रत्येकानं पन्नास फोटोंना मत द्यायचं. निकाल असा, की ज्या फोटोत सगळे बरे दिसत होते त्याला एकही मत नाही, आणि ज्यात आत्या शिंकते आहे पण धाकटी वहिनी बारीक दिसते आहे त्याला चार. चारही मतं वहिनीच्याच घरातली.

कसेबसे दीडशे निवडून मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात छपाईवाल्याकडे गेलो. त्यानं एक फोटो मोठा करून पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेत ना? तिकिटाएवढे छापा, सुंदर येतील." मग त्यानं हिशेब मांडला: पान १२ इंचाचं, इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे ३६०० हवेत, तुमच्याकडे सोळाशे. शिवाय कडेला तीन मिलिमीटर कापले जाणार, मधल्या शिवणीत कोणाचं तोंड येऊ द्यायचं नाही, आणि पिनिंग करायचं तर पानं चारच्या पटीत.

फोटो वाटेत आकसू नयेत म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, "फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा." काकूनं आधार कार्ड पाठवलं. फोटो त्यातही होता म्हणा.

खरी कसरत पुढेच होती. मोठे काका आणि धाकटे काका वाडा बिल्डरला दिल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. एका पानावर दोघांना घेणं शक्यच नव्हतं, म्हणून मी त्यांना समोरासमोरच्या पानांवर ठेवलं, मध्ये शिवणीचं कुंपण. स्वतःवर खूश होतो. बहिणीनं पाहिलं आणि म्हणाली, "अरे, पुस्तक मिटलं की दोघं गालाला गाल लावून झोपणार." पानं बदलली. त्या नादात ४० ची ४१ झाली, म्हणजे छपाईवाल्याच्या लेखी ४४. मग तीन पानं भरायला गणपतीच्या आरासी कामाला आल्या.

तिसऱ्या पानावर आजी-आजोबांचा एकमेव फोटो. नारायण पेठेतल्या घरात भिंतीवर होता. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पाणी घरात शिरलं, ते उतरल्यावर फ्रेम गाळातून उपसली. आजोबांच्या छातीपासून आजीच्या खांद्यापर्यंत एक तपकिरी रेघ, तिच्याखाली सगळं चहा सांडल्यासारखं. भाच्यानं कुठलंसं अ‍ॅप लावून दोन मिनिटांत फोटो लख्ख केला. आजोबांच्या कोटाला सगळी बटणं आली. आजीला काठाचं लुगडं मिळालं, जे तिला जन्मात कोणी घेतलं नव्हतं.

एरवी ग्रुपवर फक्त सुप्रभात पाठवणाऱ्या मोठ्या काकांचा फोन आला.

"पाणी कुठे गेलं रे?"

"काका, डाग होता तो. काढला."

"डाग कसला! ओंकारेश्वराच्या बाजूनं पाणी आलं, तेव्हा ही फ्रेम पुरुषभर उंचीवर होती. घर तर पाडलं आपण. आता कुणाला सांगू पाणी कुठवर आलं होतं? त्याला विचार पाहिजे तर, तो होता माझ्याबरोबर गच्चीवर."

'तो' म्हणजे धाकटे काका. विचारलं. त्यांनी पहिल्यांदाच मोठ्या भावाला दुजोरा दिला, फक्त पाणी आणखी वीतभर वर होतं म्हणाले.

मूळ फोटो पुन्हा स्कॅन केला, रेघेसकट. रात्री एकला फाइल पाठवली आणि ढाराढूर झोपलो. सकाळी आठला छपाईवाला फोनवर:

"साहेब, ४४ पानं फस्क्लास निघाली. तिसऱ्या पानावर मोठा डाग राहिला होता तुमचा. पण काळजी करू नका, मी रात्रीच साफ करून टाकला."