इंजिनाचा नंबर कापू नका

आज सकाळी कर्जतला जे घडलं ते दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय. पोस्ट लांबणार आहे.

पुण्याकडे जाणारी गाडी उभी होती. प्लॅटफॉर्मच्या मुंबईकडच्या टोकाला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा वडिलांचा फोन दोन्ही हातांत घट्ट धरून पिवळ्या पट्टीच्या आत उभा होता. घाट चढायला मागून ढकलणारी जास्तीची इंजिनं, म्हणजे बँकर, इथे लागतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाकी सगळा प्लॅटफॉर्म वडापावकडे धावत असताना तो बरोबर शेवटच्या डब्यापाशी जाऊन थांबला होता. बँकर सावकाश आले, डब्याला टेकले. पोराने आधी इंजिनाचा पूर्ण फोटो काढला, मग एक पाऊल सरकून नंबराचा. तिसरा जोडणी करणाऱ्या माणसाचा काढणार, तेवढ्यात पाच-सहा कॉलेजची मुलं सेल्फी स्टिक नाचवत त्याच्यापुढे घुसली. त्यातला एक थेट रुळांत उतरला. शिट्टी वाजली आणि तिथल्या सगळ्यांना हाकललं, त्यात हा मुलगाही. गाडी हलली तेव्हा तो जिन्यापाशी होता.

शिट्टी वाजवणाऱ्याचं काही चुकलं नाही. रुळांत उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि वर २५,००० व्होल्टची तार आहे. त्या तारेला हात लावायचीही गरज नसते. धातूची काठी, ओली छत्री, काहीही फार जवळ गेलं तर वीज हवेतून उडी मारू शकते, म्हणून दोन मीटरच्या आत काहीच न्यायचं नसतं. आणि हे लोक काठीला फोन लावून हात उंच करतात! माझा राग त्यांच्यावर आहे. त्यांच्यामुळे उद्या त्या टोकाला कुणालाच उभं राहू देणार नाहीत, आणि खरं बघायला, टिपायला आलेला मात्र घरी बसेल.

दारात लटकून रील करणाऱ्यांबद्दलही आजच लिहून टाकतो. कोकण रेल्वेवर बोगदा आला की हवेचा दाब एकदम बदलतो आणि अर्धवट उघडं दार धाडकन आपटतं. सिग्नलचे खांब, ओव्हरहेड तारांचे खांब, पुलाचे कठडे डब्यापासून किती जवळून जातात ते खिडकीत बसून मोजा एकदा. पायरीवर उभं राहून प्रवास करण्याला कलम १५६ आहेच. दारातून फ्रेम मोकळी मिळते, गजांची अडचण नसते, हे मान्य. पण त्यासाठी बाहेर झुकावं लागत नाही. दार बंद ठेवून दाराच्या खिडकीतून, फोनची दोरी मनगटाला बांधून आणि फोन चौकटीच्या आत ठेवून तोच फोटो येतो.

बरं, आता त्या मुलाने जे बरोबर केलं त्याकडे येतो, कारण ते आपल्यातल्या महागडे कॅमेरेवाल्यांनाही जमत नाही.

त्याने पूर्ण इंजिन घेतलं. चाकं, छप्पर, तारेतून वीज घेणारा छपरावरचा पँटोग्राफ, सगळं. आपण काय करतो? वाइड लेन्सने दोन हातांवरून इंजिनाचं नाक काढतो. नाक फुगतं, मागची गाडी शेपटीसारखी बारीक होते, चाकं प्लॅटफॉर्मखाली जातात. हल्लीचा एलएचबी जातीचा डबा साडेतेवीस मीटरचा असतो. साधारण दोन-तीन डब्यांइतकं अंतर ठेवा आणि फोनवर दुप्पट किंवा तिप्पट झूम घ्या. कॅमेरा असेल तर ७० ते १३५ मिलिमीटरची लेन्स. सूर्य पाठीमागे हवा, आणि गाडीचं तोंड व कूस दोन्ही दिसतील असा तिरपा कोन हवा. गाडी फ्रेममध्ये पूर्ण मावते त्याच्या किंचित आधीपासून सलग फोटो सुरू करा. फोन समोरच्या हेडलाइटला भुलून सगळं काळं करतो, म्हणून इंजिनाच्या अंगावर बोट दाबून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक करा. पांढरी वंदे भारत असेल तर उलट, थोडं खाली उतरवा, नाहीतर तिचं नाक नुसता पांढरा ठिपका होतो. आणि दाबण्यापूर्वी पार्श्वभूमी बघा. छपरातून खांब उगवलेला फोटो नंतर कितीही खटपट केली तरी सुधारत नाही.

मग त्याने नंबर घेतला. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त भावली. पाच आकडी नंबर, आणि अंगावर त्याची देखभाल होते त्या शेडचं नाव: कल्याण, अजनी, जे असेल ते. नंबर असला की फोटो त्या एका इंजिनाचा होतो, नसला तर कुठल्याही इंजिनाचा. डब्यांचंही तेच. डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे तो बांधला ते वर्ष. एसटीची नंबरपाटी तर मला पुस्तकासारखी वाचाविशी वाटते. एमएच १४ म्हणजे गाडी बांधणारी दापोडीची कार्यशाळा, एमएच २० म्हणजे चिकलठाणा, एमएच ४० म्हणजे हिंगणा. फक्त लाल रंगाचा सुंदर फोटो काढून पाटी अर्धी कापली, तर तुम्ही त्या गाडीची कुंडलीच फाडून टाकलीत.

एलईडी पाट्यांबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. लोकलच्या कपाळावरची, नव्या बसवरची किंवा वंदे भारतवरची अक्षरं सतत जळत नसतात, फार वेगाने लुकलुकतात. शटर १/१००० सेकंदाला ठेवून फोटो काढला की अर्धी अक्षरं गायब. १/१२५ च्या आसपास या. उभ्या गाडीला ते आरामात चालतं. चालत्या गाडीला पाटी हवी की धारदार चाकं, हे आधीच ठरवा. मी पाटीच्या बाजूचा आहे.

वेगाचं गणितही सोपं आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. १/१००० सेकंदात गाडी पावणेतीन सेंटीमीटर सरकते. ती लांबून तिरपी येत असेल तर ते दिसत नाही. काटकोनात, जवळून जात असेल तर नंबर पुसला जातो. म्हणून तिरपा कोन. मिररलेस कॅमेऱ्यावर सायलेंट शटर असेल तर ते बंद करून मेकॅनिकल लावा, नाहीतर आडवी धावणारी गाडी तिरकी कललेली येते आणि लोक लेन्सला शिव्या देतात. एसटीला घाटात पॅन करायचं असेल, म्हणजे तिच्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायचा असेल, तर १/६० पासून सुरू करा, कमरेतून वळा, बटण दाबल्यावरही वळत राहा. दहातले आठ फोटो फुकट जाणार. जाऊ देत.

परत कर्जतला येतो, कारण मुलाचं तिसरं चित्र राहून गेलं त्याचं वाईट वाटतंय. भोर घाट १८६३ चा. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. म्हणून मागून दोन-तीन इंजिनं ढकलतात. पण हे आता सगळ्या गाड्यांना लागत नाही. वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. कसाऱ्याच्या बाजूला राजधानी २०१९ पासून पुढे-मागे इंजिन लावून जाते. बँकर लागतानाचं दृश्य कमीच होत जाणार. वरच्या तारेत डीसी वीज होती त्या काळातले डब्ल्यूसीजी-२ जातीचे बँकर किती जणांनी नीट टिपले? कोकण रेल्वेवर डिझेल इंजिनं रोज धावायची तेव्हा आपण धबधब्यांचे फोटो काढत बसलो. २०२२ मध्ये सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि मग हळहळ सुरू झाली. धबधबा दर पावसाळ्यात परत येतो. डब्ल्यूसीजी-२ परत येणार नाही.

माझा आवाज चढलाय, कळतंय. थोडं खिडकीतल्या फोटोंबद्दल बोलतो.

एसी डब्याची काच दुहेरी आणि रंगीत असते. फोनची लेन्स काचेला टेकवा, भोवती काळा रुमाल किंवा ओंजळ धरा, डोक्यावरचा वाचायचा दिवा बंद करा. फ्लॅश तर नाहीच. (प्लॅटफॉर्मवरही समोरून येणाऱ्या गाडीवर फ्लॅश मारू नका, लोको पायलटच्या डोळ्यांत जातो.) फोकस काचेवरच्या डागावर अडकतो, म्हणून लांबच्या डोंगरावर बोट धरून लॉक करा. काचेच्या छपराच्या व्हिस्टाडोम डब्यात पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावला तर काचेवर इंद्रधनुषी पट्टे उमटतात, काढून ठेवा. गजांच्या खिडकीतून सरळ समोर काढलेला फोटो झाडांच्या रेघा करून टाकतो. पुढे किंवा मागे तिरपा धरा, तिकडे दृश्य हळू सरकतं. वळणावर स्वतःचंच इंजिन टिपायचं असेल तर गाडीच्या मागच्या एक-तृतीयांश भागातल्या डब्यात बसा. पावसाळ्यात एसीतून दाराशी आलात की लेन्सवर धुकं येतं. कॅमेरा पिशवीत गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं आधी दाराजवळच्या जागेत आणून ठेवा. शर्टाने पुसू नका, परत धुकं येतंच.

कोकण रेल्वेचा बराचसा भाग अजून एकेरी आहे, आणि फोटो काढणाऱ्याला ती मोठी देणगी आहे. क्रॉसिंगसाठी आपली गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबते आणि समोरची मुख्य मार्गावरून येते. तुम्ही स्थिर असता. समोरून रोरो आली, मालगाडीच्या सपाट वॅगनवर चढलेले ट्रक, केबिनमध्ये बसलेले ड्रायव्हर, तर पहिल्या ट्रकवर सगळे फोटो संपवू नका. ही सेवा १९९९ पासून आहे आणि तिचा अर्थ लांबीत आहे. शेवटपर्यंत काढा. पनवल नदीचा पूल ६४ मीटर उंच आहे, पण गाडीतून ती उंची फोटोत येत नाही. खाली दरीतलं घर किंवा रस्ता फ्रेममध्ये आला तरच येते. डेक्कन क्वीन मुंबईहून १७.१० ला सुटते, त्यामुळे हिवाळ्यात तिला घाटात पकडायला जाऊ नका, अंधार पडलेला असतो. एप्रिल-मेमध्ये जा. माथेरानची गाडी, रुळांमधलं अंतर ६१० मिलिमीटर, इतकी सावकाश वळते की १/२५० पुरे. तिथे घाई करणाऱ्याला मी क्षमा करू शकत नाही.

बोटींवर कमी लिहितो. तिथे एकच चूक सगळे करतात, कोपर कठड्यावर टेकवतात. इंजिनाची थरथर सरळ लेन्समध्ये जाते. पाय फाकून, गुडघे सैल ठेवून उभे राहा, १/१००० लावा. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे कोरड्या कपड्याने घासलेत तर मिठाचे खडे काचेवर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर कापड. दाभोळ-धोपावे फेरीला फळी खाली येते आणि गाड्या बाहेर पडतात तो क्षण टिपा. चाकं आणि फळी दोन्ही नीट दिसतात. मासेमारीच्या होड्या जून-जुलैच्या बंदीत किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा नाळेपासून मागच्या टोकापर्यंत अख्खी होडी मिळते, एरवी अर्धी पाण्यात असते. नाव आणि नोंदणी क्रमांक मात्र इथेही फ्रेममध्ये हवा. आणि माणसं असली तर आधी विचारा. जाळं विणणाऱ्या मावशींना विचारल्याशिवाय कॅमेरा रोखणं हा उद्धटपणा आहे. ड्रोन काढण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघा. लाल क्षेत्रात परवानगीशिवाय उडवायचं नाही, विषय संपला.

काही जण म्हणतील, प्रवासाला गेलो की स्वतःचा फोटो काढायचाच. काढा की. घरच्यांना तो हवा असतो, तेही खरं. पण इंजिन पाठीमागे ठेवायचं तर निदान त्याचं छप्पर आणि नंबर येऊ द्या. तीन पावलं मागे सरका, एवढंच लागतं. आणि ज्याला तुमच्याशिवाय नुसतं इंजिन टिपायचं आहे, त्याच्यापुढे उभे राहू नका. विशेषतः तो चार फूट उंचीचा असेल तर.

त्या मुलाने नंतर वडिलांना फोन दाखवला तेव्हा शेजारी उभं राहून मीही पाहिला. पहिला फोटो सरळ, छप्पर न कापलेला. दुसऱ्यात नंबर स्वच्छ. तिसऱ्यात जोडणी करणाऱ्याचा एक हात, आणि बाकी सगळी चौकट कुणाच्या तरी निळ्या टी-शर्टने भरलेली. तो तिसरा पुसत नव्हता. वडील म्हणाले, "काढून टाक ना बाळा, खराब आलाय." तो म्हणाला, "हात आलाय की."

त्याच्या वडिलांना ही पोस्ट पाठवतोय. तुमच्यापैकी कुणाकडे कर्जतला बँकर जोडतानाचे फोटो असतील, डीसीच्या काळातले असतील तर फारच छान, तर खाली टाका. नंबर आणि साल लिहा. त्याला दाखवायचेत.