कोरलड्रॉ सगळ्यांनाच येतं हो
परवा एका लेखात वाचलं, सगळं यूट्यूबवर शिकता येतं, मग ग्राफिक डिझाइनसाठी चार वर्षं बीएफए, म्हणजे कलेची पदवी, कशाला? निम्मं पटलं. मी बारा वर्षं छपाईच्या धंद्यात आहे. कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर सफाईने चालवणारी पोरं पैशाला पासरी मिळतात. गेल्या महिन्यात एकाने पत्रिकेवर नवरीचं नाव ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं. झालं, शिरोरेषेचे तुकडे! आणि त्याला ते खटकलंसुद्धा नाही. ही नजर यायला कुणीतरी शंभरदा कागद फाडून पुन्हा काढायला लावावं लागतं. संगणकावरचा देवनागरी मंगल फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी पवईच्या आयडीसीत, म्हणजे आयआयटीच्या डिझाइन विभागात, शिकवायचे, ते उगाच नाही.

पण फीचं काय? माझी भाची यंदा बीएफएची सीईटी देतेय. सरकारी कॉलेजात नंबर लागला तर डोळे झाकून जा म्हटलं. खासगीसाठी दाजी कर्ज काढायला निघालेत, त्याला मात्र माझा साफ नकार आहे. सध्या तिला आठवडाभर मशीनवर उभं केलंय. स्क्रीनवरचा निळा कागदावर जांभळट का उतरतो, हे तिनं परवा आपणहून विचारलं.