वन-फोर्टी टाका, भाऊ!

मोटरसायकलचा मागचा टायर गोटा झाला, ही बातमी कुणाला सांगायची नसते. पण ती कळतेच, आणि मग मेव्हण्यापासून वॉचमनपर्यंत सगळे एकच सांगतात, ‘आता जाड टाका.’ सिंगल डिस्कच्या पल्सर १५० ला कंपनीने घातलेला १००/९०-१७ (रुंदी १०० मिमी, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची) मागितला, तर टायरवाला असा बघतो, जणू आपण लग्नाच्या पंगतीत डाएटचा विषय काढला. ‘वन-फोर्टी टाका, भाऊ. गाडी रोडला चिकटून चालेल.’ वन-फोर्टी म्हणजे १४० मिमी रुंदीचा, १४०/७०-१७.

मला ते ‘चिकटून’ खुपतं. टायर जमिनीला किती टेकणार हे मुख्यतः चाकावरचं वजन आणि आतली हवा ठरवते. वजन १२५ किलो आणि हवा २८ पीएसआय धरली, तर ढोबळ हिशेबाने साठेक चौरस सेंटिमीटरचा तुकडा रस्त्याला लागतो. टायर जाड केला तरी तुकडा साधारण तेवढाच. लांबीला कमी आणि रुंदीला जास्त, एवढाच फरक. पावसात तर असा आडवा तुकडा पाणी कापायचं सोडून पाण्यावर चढायला बघतो. पकडच हवी असेल तर मूळ मापात मऊ कंपाउंडचा, म्हणजे मऊ रबराचा टायर मिळतो. तो लवकर झिजतो, हे मान्य. पण दोनशे हॉर्सपॉवरच्या सुपरबाइकला सहा इंची रिमवर १९०/५५-१७ लागतो, म्हणून आपल्या चौदा हॉर्सपॉवरलाही तसंच काहीतरी हवं, हा हिशेब मला लागत नाही.

खरी गोची रिममध्ये आहे, आणि रिमकडे कुणी ढुंकून बघत नाही. तिची रुंदी तिच्यावरच कोरलेली असते, चिखल पुसला की दिसते. १४०/७०-१७ ला साडेतीन ते साडेचार इंच रुंद रिम लागते. दीडशे सीसीची रिम अडीच इंचांच्या आतबाहेर. एवढ्या अरुंद रिमवर टायरच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, बाजू दबतात आणि मधला भाग टोक काढून वर येतो. व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावला तर १४० चा टायर १२५ च्या आसपास भरतो. पैसे १४० चे, दिसायला १२५ चा, आणि टेकतो तो फक्त मधला पट्टा. मग तोच झिजतो. कडांवरच्या रबराच्या मिशा महिनोन् महिने जशाच्या तशा, मध्ये मात्र टक्कल.

मधोमध चपटा झालेला टायर घाटात आपला इंगा दाखवतो. गाडी आधी वळायलाच तयार होत नाही, आणि चपट्या भागाची धार ओलांडली की धपकन आत पडते. टायर नवा असतानाही सुख नाहीच. गाडी कलली की टेकणारा तुकडा मधल्या रेषेपासून आतल्या बाजूला सरकतो. टायर जितका रुंद, तितका जास्त. म्हणून तेच वळण त्याच वेगाने घ्यायला गाडी थोडी जास्त आडवी करावी लागते. पुढचं अरुंद चाक म्हणतं चला, मागचं म्हणतं बसा जरा.

व्यासाचं तर कुणी बोलतच नाही. १००/९०-१७ चा व्यास ६१२ मिमी, १४०/७०-१७ चा ६२८. म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, गिअरिंग अडीच टक्क्यांहून जास्त लांबलं, वर टायरचं वजन वाढलं. पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेज उतरतो. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालत असेल तर त्याला पत्ताच नसतो; गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तो खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

आणि एवढं करून तो आत मावायला तर हवा! एका बाजूला चेन, दुसऱ्या बाजूला ड्रम ब्रेकला फिरू न देणारा दांडा, टॉर्क रॉड. टायर घासायला लागला की टायरवाल्याकडे उपाय तयार असतो, ‘चेनकव्हर काढून टाका.’ पुढे चेनचं तेल कुणाच्या साडीवर उडतं आणि त्याबद्दल कोण बोलणी खातं, हे त्याला बघायला लागत नाही.

अगदीच हौस असेल आणि रिम अडीच इंच असेल, तर ११०/८०-१७ घ्या. व्यास ६०८, म्हणजे जवळपास मूळचाच. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मात्र ५५ च्या खाली नको. बाजूवरच्या चार आकडी तारखेत आधी आठवडा, मग वर्ष: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. बसवताना टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने, कडेला साबणाचं पाणी, आणि हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आली का ते चाक फिरवून बघा. ती एका जागी आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही. हवा सोडून पुन्हा. चेन ताणल्यावर स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच रेघेवर हव्यात, नाहीतर चाक तिरकं चालून टायर एकीकडे खातं. नवं रबर निसरडं असतं, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून.

मागची हवा टायर थंड असताना भरायची: एकट्याला २८, डबलसीट ३२. पंपावरचा पोऱ्या न विचारता चाळीस मारतो आणि मग मापाचा टायरसुद्धा मधूनच टकला होतो. त्याला थांबवायचं तर तो पाइप उचलायच्या आधीच ओरडावं लागतं.