खरेदीखतातली एक ओळ

2023 साली मुलुंडमध्ये एका बाईंना कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, कारण त्या मराठी होत्या. तो व्हिडिओ फिरला आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर वाद पेटला. तो अजून पुरता विझलेला नाही. अधूनमधून अशीच एखादी बातमी येते आणि पुन्हा सुरू होतं. एक बाजू म्हणते, आमच्याच मुंबईत आम्हालाच दार बंद? दुसरी म्हणते, ज्याचं घर त्याची मर्जी. नव्या इमारतींमध्ये निम्मी घरं मराठी माणसांसाठी राखून ठेवा, या मागणीवरही असंच घमासान झालं. अशा वेळी हमखास कोणीतरी मला विचारतं, "तुमच्या अमेरिकेत चालतं का गं हे असलं?"

चालत होतं. राजरोस, आणि सरकारच्या पाठिंब्याने. पण हे मला नुसतं इथे राहून कळलं नसतं. मी राहते त्या मिझुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात डेलमार बुलेव्हार्ड नावाचा रस्ता आहे. त्याच्या उत्तरेला बहुतांश काळी वस्ती, दक्षिणेला गोरी. वर्षानुवर्षं तिथून गाडी चालवत गेलं, तरी "लोक आपापल्या माणसांत राहतात" यापलीकडे काही सुचत नाही. माझे इथले बरेच मराठी स्नेही आजही तेच म्हणतात. मला त्या रस्त्याचा अर्थ समजला तो पुस्तकांतून. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिचर्ड रोथस्टीन यांचं 2017 सालचं 'द कलर ऑफ लॉ'. गोऱ्या आणि काळ्या वस्त्या आपोआप वेगळ्या झाल्या नाहीत, सरकारने नियम, नकाशे आणि कर्जं वापरून त्या वेगळ्या केल्या, हे त्यांनी कागदपत्रांनिशी दाखवलं आहे.

यातली एक गोष्ट माझ्याच शहराची आहे. 1916 मध्ये सेंट लुईसच्या मतदारांनी चक्क सार्वमत घेऊन वस्त्या वर्णानुसार वेगळ्या ठेवण्याचा नियम मंजूर केला. पुढच्याच वर्षी लुईव्हिल शहराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने असे नियम रद्द ठरवले. मग ते काम आधीपासून चालत आलेल्या खरेदीखतांतल्या अटींनी हाती घेतलं. शेजारपाजारचे घरमालक एकत्र यायचे आणि करार करायचे: इतकी वर्षं ही घरं अमुक वंशाच्या माणसाला विकायची नाहीत, त्याला इथे राहू द्यायचं नाही. असा करार म्हणजे खाजगी मामला, सरकारचा त्यात काय संबंध, असं म्हणायची सोय.

सेंट लुईसमधल्या लॅबडी अव्हेन्यू या रस्त्यावरच्या एका घरावर 1911 सालचा असाच करार होता. निग्रो किंवा मंगोलियन वंशाच्या माणसांना पन्नास वर्षं बंदी. 1945 मध्ये जे. डी. शेली आणि एथेल शेली या काळ्या जोडप्याने ते घर घेतलं. मिसिसिपी या दक्षिणेतल्या राज्यातून आलेलं, सहा मुलांचं कुटुंब. दक्षिणेतला छळ मागे टाकून साठ लाखांच्या आसपास काळी माणसं काही दशकांत उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. इसाबेल विल्करसन यांनी 'द वॉर्म्थ ऑफ अदर सन्स'मध्ये तीन माणसांचा माग धरून ते सगळं स्थलांतर उभं केलं आहे. शेली कुटुंब त्याच लोंढ्यातलं. काही चौक पलीकडे राहणाऱ्या क्रेमर नावाच्या दांपत्याने त्यांना घराबाहेर काढण्यासाठी दावा लावला आणि मिझुरीच्या सुप्रीम कोर्टाने क्रेमरांच्या बाजूने कौल दिला.

3 मे 1948 रोजी वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. नऊपैकी तीन न्यायमूर्ती खटल्यापासून बाजूला राहिले, उरलेले सहाही शेलींच्या बाजूने. निकालातला युक्तिवाद मी पुन्हा पुन्हा वाचते. लोकांनी आपसात काय ठरवायचं ते ठरवावं, पण ते अमलात आणायला कोर्टात आलात की तो व्यवहार खाजगी राहत नाही. कोर्ट म्हणजे सरकार, आणि सरकारला भेदभावाचा हात होता येणार नाही.

आता आपल्याकडे या. अहमदाबादमध्ये पारशांची एक गृहनिर्माण संस्था आहे. पारशी नसलेल्याला सभासद करायचं नाही, असा तिचा उपविधी, म्हणजे संस्थेचा अंतर्गत नियम. एका सभासदाला बाहेरच्याला जागा विकायची होती, वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 2005 मध्ये कोर्टाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध असतात, उपविधी म्हणजे सभासदांमधला करार, आणि संघटना बांधण्याचं स्वातंत्र्य त्यांना आहे, असं त्यामागचं म्हणणं. प्रश्न शेलींचाच होता, उत्तर उलटं आलं, आणि तेही सत्तावन्न वर्षांनी.

पारशी समाज मोजका, घटत चाललेला. आपली वस्ती टिकावी ही त्यांची काळजी मला कळते. पण नियम एकदा मान्य झाला की तो फक्त घाबरलेल्या अल्पसंख्याकांच्याच कामी येत नाही, पैसेवाल्या बहुसंख्याकांनाही तो तितकाच सोयीचा असतो. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्यात कलम 23 आहे. पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, असं ते सांगतं. चांगलं कलम आहे. पण खुल्या सभासदत्वाचं कलम गुजरातच्या कायद्यातही होतं, आणि तरी निकाल वर सांगितला तसा लागला. भाडेकरूला तर तेवढाही आधार नाही. त्याला मालक नाही म्हणतो, एजंट नाही म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी नाही म्हणतो, आणि नकार कुठल्याच कागदावर उमटत नाही.

म्हणूनच ग्रुपवरचा वाद मला चुकीच्या जागी अडकलेला वाटतो. गुजराती विरुद्ध मराठी, शाकाहारी विरुद्ध मासे खाणारे, असा तो रंगतो. मुलुंडच्या बाईंना नाकारलं याचा मला मनापासून संताप आला. पण याच ग्रुपवरच्या किती जणांनी पुण्यात आपला फ्लॅट भाड्याने देताना आधी आडनाव विचारलं आहे? मुसलमान मुलाला "आत्ताच दुसऱ्याला दिला" म्हणून कटवलं आहे? एकट्या मुलीला "फॅमिलीच पाहिजे" सांगितलं आहे? त्या वेळी ज्याचं घर त्याची मर्जी असते. मराठी माणसासाठी निम्मी घरं राखून हा प्रश्न सुटणार नाही. त्या निम्म्या घरांतही कांबळे आणि शेख यांना एजंट टोलवतच राहील. ते दोघेही मराठी असले तरी. मला हवा आहे तो साधा कायदा: धर्म, जात, भाषा, आहार, लिंग या कारणांवरून कुणालाही घर विकायला किंवा भाड्याने द्यायला नकार देता येणार नाही.

अमेरिकेत असा कायदा 11 एप्रिल 1968 ला झाला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात. त्याला किती उशीर झाला होता, हेही हीच पुस्तकं सांगतात. गृहकर्जांना हमी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या 1938 च्या मार्गदर्शिकेत वांशिक बंदीच्या अटींची शिफारस होती. शेली निकालानंतरही, 1950 च्या फेब्रुवारीपर्यंत, तिने नवी बंदी घातलेल्या घरांना हमी देणं सुरू ठेवलं. त्या काळात गोऱ्या कुटुंबांनी स्वस्त कर्जावर उपनगरांत घरं घेतली, त्यांच्या किमती वाढल्या, त्यातून मुलांची कॉलेजं झाली. काळ्यांना ती संधीच मिळाली नाही. 1970 मध्ये आमच्याच सेंट लुईस काउंटीत ब्लॅक जॅक नावाची वस्ती घाईघाईने स्वतंत्र शहर बनली, कारण तिथे मिश्र वस्तीचा गृहप्रकल्प येऊ घातला होता. शहर होताच तिने नव्या अपार्टमेंट इमारतींना बंदी केली. 1974 मध्ये कोर्टाने ती बंदी मोडली, पण तोपर्यंत तो प्रकल्प बारगळला होता.

हे आम्हा भारतीयांना लागू नाही, असं समजणाऱ्यांनी 1923 चा भगतसिंग थिंड या पंजाबातून अमेरिकेत आलेल्या माणसाचा खटला वाचावा. भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही, असं त्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं. "फक्त गोऱ्यांसाठी" असं लिहिलेल्या वस्त्यांचं दार आपल्यालाही बंदच होतं. काळ्यांनी लढून ते उघडलं आणि मग आपण आत आलो. आज "चांगल्या शाळा" पाहून आम्ही ज्या उपनगरांत घर घेतो, तिथल्या शाळांचा मोठा खर्च घरांच्या करातून निघतो, आणि त्या घरांच्या किमतींमागे हा इतिहास आहे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मालमत्ता कराबद्दल तास-तास बोलणं होतं. हे कोणी बोलत नाही. मला त्याचा त्रास होतो.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या माणसांना. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात तिथल्या स्त्रियांच्या संघटनांचं मन भरून कौतुक आहे, तसंच गुलामगिरीबद्दल आणि मूळ रहिवाशांवरच्या अन्यायाबद्दल स्पष्ट बोललेलंही आहे. अमेरिकेकडे असं पाहण्याची परंपरा मराठीत दीडशे वर्षांची आहे. पगार, व्हिसा आणि घराच्या चौरस फुटांपलीकडे जाऊन ती पुढे न्यायला हवी.

कायदा झाला तरी नकार सिद्ध कसा करणार, हा माझ्या धाकट्या मामाचा आक्षेप रास्त आहे. इथे त्यासाठी जोड्या पाठवतात. पगार तोच, नोकरी तीच, एक अर्जदार गोरा, एक काळा. दोघं एकाच घराची चौकशी करतात आणि मिळालेली उत्तरं शेजारी शेजारी मांडली जातात. अशा परीक्षकालाही दावा लावता येतो, हे सुप्रीम कोर्टाने 1982 मध्ये मान्य केलं. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात अशीच पाहणी केली होती, ती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबई-पुण्यात हे करायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. कॉलेजातली दहा-वीस मुलं, एजंटांची यादी आणि फोन पुरेत. आधी कांबळे म्हणून विचारायचं, तासाभराने कुलकर्णी म्हणून, मग शेख म्हणून, आणि प्रत्येक वेळी काय उत्तर मिळालं ते तारखेसकट लिहून ठेवायचं.